खेड्यातला उपग्रह : एका भाकिताची कसोटी

कृत्रिम उपग्रहामार्फत खेड्यापाड्यांत दूरचित्रवाणी न्यावी आणि तिच्या साहाय्याने शेती, आरोग्य व शिक्षण सुधारावे, ही कल्पना विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कुणाच्या गावीही नव्हती. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात ती भारतातल्या सुमारे २,४०० खेड्यांत प्रत्यक्ष करून पाहण्यात आली. हा उपग्रह शैक्षणिक दूरचित्रवाणी प्रयोग ‘साइट’ या संक्षिप्त नावाने ओळखला जातो. उद्याच्या यंत्रांविषयीची भाकिते एकतर विस्मरणात जातात किंवा योगायोगाने खरी ठरल्यावर आठवली जातात. ठरवून, पाहणी करून तपासलेले भाकीत विरळाच, आणि ‘साइट’चे ऐतिहासिक महत्त्व त्यातच आहे.

पृथ्वीभोवती फिरणारी मानवनिर्मित वस्तू माणसाच्या कामी येईल, ही कल्पना दूरचित्रवाणीहून जुनी आहे. अमेरिकी लेखक एडवर्ड एव्हरेट हेल यांची ‘द ब्रिक मून’ ही कथा १८६९ साली ‘अटलांटिक’ मासिकातून क्रमशः येऊ लागली. तिच्यात खलाशांना रेखांश कळावा म्हणून विटांचा एक चंद्र ध्रुवावरून ध्रुवाकडे फिरत ठेवण्याचा बेत आहे. विटा अशासाठी, की हवेतून सुसाट जाताना होणारी उष्णता त्या सोसतील. हा चंद्र अपघाताने आतल्या माणसांसकट वर जातो आणि ती माणसे लहानमोठ्या उड्या मारून तारायंत्राच्या लिपीत खाली निरोप पाठवतात. गंमत बाजूला ठेवली तरी दिशादर्शनासाठी उपग्रह वापरण्याचा विचार इथे स्पष्ट आहे. पुढे रशियात त्सिओल्कोव्हस्की यांनी अंतराळप्रवासाचे गणित मांडले. ‘नोर्डुंग’ या टोपणनावाने लिहिणारे अभियंता हर्मन पोटोचनिक यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस पृथ्वीच्या फिरण्याशी जुळणाऱ्या कक्षेतले अंतराळस्थानक आकृत्यांसह दाखवले.

दळणवळणाच्या दृष्टीने या कक्षेचे मोल पहिल्यांदा नेमकेपणाने मांडले ते आर्थर सी. क्लार्क यांनी. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश हवाई दलात रडारचे काम पाहत होते. ‘वायरलेस वर्ल्ड’ या तांत्रिक मासिकाच्या ऑक्टोबर १९४५ च्या अंकात त्यांचा लेख आला. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर ठेवलेला उपग्रह चोवीस तासांत एक फेरी पूर्ण करतो, म्हणून जमिनीवरून पाहणाऱ्याला तो आकाशात एकाच जागी खिळल्यासारखा दिसतो. असे तीन उपग्रह सारख्या अंतरावर ठेवले, तर जवळजवळ सगळ्या पृथ्वीवर प्रक्षेपण पोहोचवता येईल, असा त्यांचा हिशेब होता. त्याच वर्षी फेब्रुवारीत याच मासिकाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी या गोष्टीला सुमारे अर्धे शतक लागेल असा अंदाज केला होता. प्रत्यक्षात १९६३ मध्ये ‘सिन्कॉम-२’ चोवीस तासांच्या कक्षेत गेला आणि १९६४ मध्ये ‘सिन्कॉम-३’ने टोकिओ ऑलिंपिकची दृश्ये पॅसिफिकपलीकडे पोहोचवली.

क्लार्क यांचे गणित अचूक निघाले, चूक झाली ती भलतीकडेच. त्यांची ही स्थानके माणसांनी वस्ती केलेली होती. त्या काळचे प्रक्षेपक काचेच्या व्हॉल्व्हवर चालत, व्हॉल्व्ह वरचेवर जळत, आणि जळालेला काढून नवा बसवायला माणूस हवाच, असे त्यामागचे तर्कशास्त्र. पुढे दोनच वर्षांत, १९४७ च्या डिसेंबरात, बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर तयार झाला आणि वर माणूस ठेवण्याची गरज संपली. आकाशातली कक्षा बरोबर सांगणाऱ्याला हातातल्या रेडिओत काय बदलणार आहे ते दिसले नाही. शिवाय त्यांनी या कल्पनेचे पेटंट घेतले नव्हते. या फटक्याबद्दल त्यांनी पुढे स्वतःवरच विनोद करणारा लेख लिहिला.

यंत्राविषयी एवढे लिहिले गेले तरी त्याचा माणसावर काय परिणाम होईल हा प्रश्न बराच काळ मागे राहिला. क्लार्क १९५६ मध्ये सिलोनमध्ये स्थायिक झाले आणि आशियाई खेड्याचा संदर्भ त्यांच्या लिखाणात येऊ लागला. उपग्रह आला की निरक्षरता हटेल, शिक्षक नसलेल्या गावालाही उत्तम शिक्षक मिळेल, ही त्यांची आशा. दुसरी बाजूही त्यांना दिसत होती. १९६० साली प्रसिद्ध झालेल्या ‘आय रिमेंबर बॅबिलॉन’ या कथेत एक परकीय सत्ता उपग्रहावरून थेट लोकांच्या घरांत उत्तान आणि प्रचारकी कार्यक्रम सोडण्याचा घाट घालते, आणि ते अडवायला कोणत्याच देशाकडे साधन नसते. ही भीती काही वर्षांतच संयुक्त राष्ट्रसंघात जाऊन पोहोचली. दुसऱ्या देशात थेट प्रक्षेपण करायचे तर त्या देशाची आधी संमती लागावी की नाही, यावर दहाएक वर्षे खल झाला. अखेर १० डिसेंबर १९८२ रोजी आमसभेने संमतीच्या बाजूने ठराव केला. पाश्चात्त्य देशांनी तो मानला नाही.

भारतात या कल्पनेला हात घातला विक्रम साराभाई यांनी. नोव्हेंबर १९६३ मध्ये थुंब्याहून पहिला अग्निबाण उडाला तेव्हा देशात दूरचित्रवाणीचे केंद्र एकच होते, दिल्लीचे, आणि तेही १९५९ मध्ये प्रायोगिक म्हणून सुरू झालेले. २६ जानेवारी १९६७ रोजी दिल्लीभोवतीच्या ८० खेड्यांतील सामूहिक संचांसाठी ‘कृषिदर्शन’ सुरू झाले. साराभाईंचा मुद्दा असा होता, की इतर देशांच्या वाटेने गेले तर मनोरे आधी शहरांत उभे राहतील आणि मग कुठे खेड्यांची पाळी येईल. उपग्रहाला मात्र शहर आणि खेडे सारखेच. ज्या देशाकडे जुनी यंत्रणा नाही त्याला मधल्या पायऱ्या गाळून थेट पुढे जाता येते, हा त्यांच्या विचाराचा गाभा. पुढच्या काळात हा युक्तिवाद मोबाइल फोनपासून सौर दिव्यांपर्यंत असंख्य वेळा वापरला गेला. तो इतका सरावाचा झाला आहे, की त्यातले मूळ धाडस आता चटकन लक्षात येत नाही.

१८ सप्टेंबर १९६९ रोजी अणुऊर्जा विभाग आणि अमेरिकेची ‘नासा’ यांच्यात करार झाला. उपग्रह अमेरिकेचा, बाकी सारे भारताचे, अशी वाटणी ठरली. साराभाई ३० डिसेंबर १९७१ रोजी कोवळम येथे निवर्तले, त्यामुळे प्रयोग त्यांना पाहता आला नाही. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राचे संचालक झालेले भौतिकशास्त्रज्ञ यशपाल हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून आलेले होते, आणि ‘साइट’चे व्यवस्थापन पाहणारे एकनाथ चिटणीस मूळचे कोल्हापूरचे. उपग्रह दळणवळणाशी महाराष्ट्राचा संबंध तोवर आलेलाच होता. परदेशांशी उपग्रहामार्फत संपर्क साधणारे देशातले पहिले व्यापारी भूकेंद्र १९७१ मध्ये पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ आर्वी येथे सुरू झाले होते.

अमेरिकेचा ‘एटीएस-६’ हा उपग्रह ३० मे १९७४ रोजी सोडण्यात आला. त्याचा सुमारे ९ मीटर व्यासाचा जाळीचा ॲन्टेना घडी घालून वर नेला आणि कक्षेत छत्रीसारखा उघडला. पहिले वर्ष तो अमेरिकेवर राहिला. अलास्का, रॉकी पर्वत आणि ॲपलाचियाच्या दुर्गम वस्त्यांत त्यावरून आरोग्य व शिक्षणाचे कार्यक्रम दाखवले गेले. मग त्याला हळूहळू पूर्वेकडे सरकवून पूर्व आफ्रिकेच्या वर, ३५ अंश पूर्व रेखांशाशी आणून ठेवले. उपग्रहाचा ॲन्टेना मोठा असल्याने जमिनीवरचा स्वस्तात भागला. खेड्यात बसवायचा ॲन्टेना तीन मीटर व्यासाचा, आणि त्याला लावलेली जाळी कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तीच. अहमदाबादच्या अभियंत्यांनी केलेल्या या आराखड्यातली चतुराई अशी, की जाळी फाटली तरी ती तालुक्याच्या बाजारात मिळते. संच हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनने बनवले. वीज नसलेल्या काही गावांत ते बॅटरीवर चालले. शाळेत किंवा पंचायतीच्या इमारतीत संच ठेवायचा, आणि तो वेळेवर लावण्याची व बंद करण्याची जबाबदारी गावातल्याच कुणावर, बहुधा शाळामास्तरांवर सोपवायची, अशी व्यवस्था होती.

आंध्र प्रदेश, कर्नाटक, ओरिसा, बिहार, मध्य प्रदेश आणि राजस्थान या सहा राज्यांत प्रत्येकी सुमारे ४०० गावे निवडली होती. महाराष्ट्र त्यात नव्हता. पलीकडचे विजापूर व गुलबर्गा हे जिल्हे मात्र त्याच्या सीमेला लागून होते. दिवसाला चार तास प्रक्षेपण असे. सकाळचा दीड तास शाळेतल्या मुलांसाठी. तो हिंदी, कन्नड, उडिया आणि तेलुगू या चार भाषांत वाटला जाई, म्हणजे एकेका भाषेच्या वाट्याला साडेबावीस मिनिटे येत. संध्याकाळी अडीच तास मोठ्यांसाठी शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन, बातम्या आणि थोडी करमणूक. एका चित्रासोबत दोन ध्वनिमार्ग जात, त्यामुळे एकच दृश्य दोन भाषांत ऐकवण्याची सोय होती. सुट्टीच्या काळात सुमारे पन्नास हजार प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचे प्रशिक्षणही याच उपग्रहावरून देण्यात आले. अहमदाबादजवळच्या खेडा जिल्ह्यात पीज या गावी वेगळा कमी शक्तीचा प्रक्षेपक बसवला होता. तिथे स्थानिक गुजराती बोलीत, गावकऱ्यांना सोबत घेऊन कार्यक्रम होत आणि सावकारी, अस्पृश्यता, हुंडा हे विषय बेधडक येत. एकूण प्रयोगातला सर्वांत जिवंत भाग हाच म्हणावा लागेल.

उद्घाटन पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते अहमदाबादहून झाले. पाच आठवड्यांपूर्वीच आणीबाणी पुकारली गेली होती. उपग्रहाविषयी आधी झालेल्या साऱ्या विचारमंथनात परकीय सत्तेच्या प्रचाराची भीती होती, स्वदेशी सरकारच्या प्रचाराचा उल्लेख अभावानेच आढळतो. सरकारच्या वीसकलमी कार्यक्रमाचे गुणगान त्या वर्षी उपग्रहावरून गावोगाव गेले. याच सुमारास भारतीय अभियंत्यांनी क्लार्क यांच्या कोलंबोतील घरावर एक ॲन्टेना बसवून दिला. तीस वर्षांपूर्वी कागदावर मांडलेली गोष्ट स्वतःच्या घरात बसून पाहण्याचा योग फार थोड्या भविष्यवेत्त्यांना लाभतो.

प्रयोगाची खरी नवलाई त्याच्या मूल्यमापनात होती. संच येण्याआधी, चालू असताना आणि गेल्यावर, अशा तीन टप्प्यांत पाहण्या झाल्या. संच असलेल्या गावांची तुलना नसलेल्या गावांशी केली गेली. काही गावांत मानववंशशास्त्राचे अभ्यासक मुक्काम ठोकून राहिले. पहिल्या आठवड्यांत संचापुढे गाव लोटले, मग गर्दी ओसरत गेली आणि ठरावीक प्रेक्षक उरले. त्यांत मुलांचा भरणा मोठा. बायका मागे, वेगळ्या बसत. आरोग्य, आहार, कुटुंबनियोजन या विषयांतली माहिती वाढली, आणि ती पुरुषांपेक्षा स्त्रियांत, साक्षरांपेक्षा निरक्षरांत ठळकपणे वाढल्याचे दिसले. ज्यांना वर्तमानपत्र आणि कचेरी दोन्ही बंद होती, त्यांच्यापर्यंत ही पेटी पोहोचली.

दुसरीकडे, शाळेतली गळती कमी झाली नाही. टीव्ही आला म्हणून नवी मुले पटावर आली असेही घडले नाही. शेतीच्या पद्धतीत फारसा फरक पडला नाही. त्याचे कारण गूढ नव्हते. पडद्यावर सांगितलेले बियाणे किंवा औषध तालुक्यात मिळत नसेल, विहिरीला पाणी नसेल आणि सोसायटी कर्ज देत नसेल, तर ज्ञान असून शेतकऱ्याला त्याचा उपयोग होत नाही. भाषेचीही अडचण होती. दिल्लीच्या स्टुडिओतली हिंदी मैथिली, छत्तीसगढी किंवा ढूंढाडी बोलणाऱ्या गावाला अर्धीच कळे. कार्यक्रम करणारे शहरातले, पाहणारे खेड्यातले, हे अंतर ३६,००० किलोमीटरच्या अंतराहून अवघड निघाले.

३१ जुलै १९७६ रोजी प्रक्षेपण थांबले. उपग्रह करारानुसार परत निघाला आणि वाटेत अनेक विकसनशील देशांना प्रात्यक्षिके दाखवत पश्चिमेकडे गेला. १९७७ पासून जयपूर, रायपूर, मुझफ्फरपूर, संबळपूर, गुलबर्गा आणि हैदराबाद येथे जमिनीवरचे प्रक्षेपक सुरू करून काही गावांत कार्यक्रम चालू ठेवले गेले. या प्रक्षेपकांच्या टप्प्याबाहेर राहिलेल्या गावांचे संच बंद पडले. ज्या गावांसाठी उपग्रहाचा एवढा खटाटोप केला होता, ती दूरची गावेच त्यात सुटली.

पुढचा टप्पा भारताच्या स्वतःच्या उपग्रहांचा. ‘ॲपल’ हा प्रायोगिक दळणवळण उपग्रह १९८१ मध्ये सोडण्यात आला. त्याच्या ॲन्टेनाची चाचणी घेताना भोवती धातू नको होता, म्हणून उपग्रह बैलगाडीवर ठेवला गेला. ते छायाचित्र जगभर गाजले, आणि त्यामागचे तांत्रिक कारण न सांगता ते आजही छापले जाते. १९८२ चा ‘इन्सॅट-१ए’ काही महिन्यांतच निकामी झाला. ऑगस्ट १९८३ मध्ये अमेरिकी अंतराळयानातून सोडलेला ‘इन्सॅट-१बी’ मात्र टिकला. त्यावरून शैक्षणिक कार्यक्रम दाखवण्यासाठी निवडलेल्या राज्यांत महाराष्ट्र आला, आणि त्यात विदर्भावर भर होता. १९८४ मध्ये पुण्यात ‘बालचित्रवाणी’ ही संस्था स्थापन झाली आणि शाळकरी मुलांसाठी मराठीत पद्धतशीर कार्यक्रम होऊ लागले. मुंबई दूरदर्शनवरून सकाळी लागणारी ही चित्रे त्या पिढीच्या कित्येकांनी घरी पाहिली. ज्या ग्रामीण शाळांसाठी ती केली जात, तिथे संच असे पण वीज नसे, वीज असे तेव्हा संच कपाटात कुलूपबंद असे, ही नेहमीची रड होती.

त्याच काळात दूरदर्शनचा रोख बदलला. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत चित्र आणि राष्ट्रीय कार्यक्रम आला. मग लहान प्रक्षेपकांचे जाळे झपाट्याने पसरले आणि ते उपग्रहावरून येणारा दिल्लीचा कार्यक्रम पुढे पाठवू लागले. जुलै १९८४ मध्ये ‘हम लोग’ ही मालिका सुरू झाली. कुटुंबनियोजन आणि स्त्रियांचे स्थान हे विषय मालिकेतून पोहोचवायचे, हा तिच्यामागचा हेतू. तो विचार मेक्सिकोतल्या प्रयोगांतून आला होता. प्रेक्षकांनी उपदेश सोडून गोष्ट उचलली, आणि जाहिरातदारांनी प्रेक्षक. १९८७ साली ‘रामायण’ सुरू झाल्यावर रविवार सकाळी रस्ते ओस पडू लागले. साराभाईंची सामूहिक संचाची कल्पना, म्हणजे गावाने एकत्र बसून पाहायचे आणि नंतर त्यावर बोलायचे, अशा रीतीने करमणुकीच्या वाटेने काही काळ साकार झाली. गावात एकच संच असे तोवर लोक त्याच्या दारात गोळा होत. दुसरा संच आला की गर्दी पांगे.

१९९१ मध्ये आखाती युद्धाच्या बातम्या आणि पाठोपाठ हाँगकाँगहून ‘स्टार’च्या वाहिन्या भारतात उतरल्या. २ ऑक्टोबर १९९२ रोजी ‘झी’ सुरू झाली. क्लार्क यांच्या १९६० च्या कथेतला प्रसंग जवळपास तसाच घडला. परकीय आकाशवाटेने कार्यक्रम आले, सरकारची संमती कुणी मागितली नाही, आणि संयुक्त राष्ट्रसंघाचा ठराव कामी आला नाही. कथेत न आलेले पात्र म्हणजे गल्लीतला केबलवाला. गच्चीवर तबकडी, जिन्यातून लोंबणाऱ्या वायरी आणि महिन्याला रोख वसुली, एवढ्या भांडवलावर त्याने काही वर्षांत ते केले जे शासकीय योजनांना पंचवीस वर्षांत साधले नव्हते. कोणत्याही अहवालाने या माणसाचे भाकीत केले नव्हते. प्रचार आला नाही, आल्या त्या जाहिराती. आणि काही वर्षांतच या वाहिन्या हिंदी, तमिळ, मराठी बोलू लागल्या, कारण इंग्रजीत माल खपत नव्हता. उपग्रहामुळे जगात एकच भाषा होईल असे मानणाऱ्यांना हे अनपेक्षित होते.

शिक्षणासाठी वेगळा उपग्रह ही जुनी मागणी २० सप्टेंबर २००४ रोजी ‘एज्युसॅट’ने पूर्ण केली. त्याच वर्षाच्या अखेरीस दूरदर्शनची विनाशुल्क थेट सेवा सुरू झाली. घराच्या छपरावर बसणारी, साठ-नव्वद सेंटिमीटरची तबकडी म्हणजे खुराड्याच्या जाळीचीच धाकटी आवृत्ती. फरक एवढाच की आता संच पंचायतीचा राहिला नव्हता. क्लार्क मार्च २००८ मध्ये कोलंबोत वारले. ‘बालचित्रवाणी’ २०१७ मध्ये बंद झाली. तोवर शिक्षणाविषयीच्या साऱ्या आशा इंटरनेटकडे वळल्या होत्या आणि उपग्रहाबद्दल जे बोलले जाई तेच शब्दशः आता टॅब्लेटबद्दल बोलले जात होते. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा अनेक घरांत स्मार्टफोन नाही आणि असला तर एकच, तोही बापाच्या खिशात, हे उघडे पडले. त्या जुलैत सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली, आणि केंद्र सरकारने प्रत्येक इयत्तेला एक याप्रमाणे उपग्रहवाहिन्या जाहीर केल्या.